बहात्तर किलो

पाणी बेंबीशी आलं होतं. झालं होतं ते एवढंच, आणि शेजारी कुणी असतं तर त्याच्या लक्षातही आलं नसतं. सकाळचे साडेसहा वाजले होते, भरती अर्ध्यावर होती, आणि मी सर्फबोर्डवर दोन्ही बाजूंना पाय सोडून पुढच्या लाटेची वाट बघत बसलो होतो. खांदा धरला म्हणून चार महिने पाण्यात उतरलो नव्हतो. नुसतं बसलं की पाणी कुठवर चढतं हे अंगाला पाठ असतं, त्यासाठी खाली बघावं लागत नाही. माझं पाणी शेवटच्या बरगडीला लागायचं. तिथे एक गार पट्टा बसायचा, आणि तो बसला की मला पोचल्यासारखं वाटायचं, घरी येऊन चपला काढल्यावर वाटतं तसं. आज तो पट्टा बेंबीशी होता. बरगड्या कोरड्या होत्या आणि त्यांना वारा लागत होता. मी आधी बोर्डवर संशय घेतला. माणूस आधी दुसऱ्यावरच संशय घेतो, आणि माझा तर तो पोटापाण्याचा धंदाच आहे. पण बोर्ड जुना झाला की कुठून तरी पाणी पितो आणि जड होतो. हलका झालेला बोर्ड मी जन्मात पाहिलेला नाही. मग समुद्रावर संशय घेतला, पाणी जास्त खारट झालं असेल म्हणून, आणि स्वतःच्या मूर्खपणाला हसलो. मग हसू थांबलं. बरगडी ते बेंबी, म्हणजे चांगली वीतभर. माझ्या धडाचा घेर मला ठाऊक होता. तिथल्या तिथे, पाण्यात पाय हलवत, मी गणित मांडलं आणि उत्तर दहा-अकरा किलो कमी असं आलं. तेवढ्यात लाट आली आणि मी ती सोडून दिली.

सोडून दिली म्हणून फार काही गेलं नाही म्हणा. आमच्या लाटा आता त्याच लायकीच्या राहिल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी किनाऱ्याच्या एका टोकाला दगडांचा बांध घातला, लोकांना फिरायला वाळू रुंद करून दिली, बाकं बसवली, आणि ती वाळू सरकत सरकत जाऊन मधल्या खडकावर बसली. त्या खडकावरच आमची लाट उभी राहायची. लांबून एक काळी रेघ यायची, खडकाशी अडखळायची, उभी राहायची आणि मग एका बाजूने सवडीने उलगडत जायची, शंभर मीटर, कधी सव्वाशे. वर उभा असलेल्या माणसाला मधेच कंटाळा येऊन दुसरं काहीतरी आठवावं एवढा वेळ मिळायचा. आता रेघ येते, पण तिला अडखळायलाच काही नाही, म्हणून ती तशीच ढेपाळत पुढे येते आणि अगदी काठाशी, गुडघाभर पाण्यात, धप्पकन आदळते. माझा बोर्ड लहान, अरुंद, जुन्या लाटेसाठी केलेला. या मेल्या लाटा त्याला धरताच येत नाहीत. बाकी सगळ्यांनी बोर्ड बदलले. बँकेतले गृहस्थ, पोहण्याच्या तलावावरचा मास्तर, दातांची डॉक्टरीण, सगळ्यांची वयं झाली, पोटं सुटली, लाटा मेल्या, आणि त्यांनी लांब-रुंद-जाड बोर्ड करून घेतले. आता ते त्यावर दिवाणावर बसल्यासारखे बसतात आणि पेन्शनबद्दल बोलतात. मी तेवढा राहिलो होतो. "अरे, लाज सोड आणि मोठा घे," मास्तर दर वेळी म्हणायचा. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. लाटा म्हणत होत्या मोठा घे, वय म्हणत होतं मोठा घे. पण अंग हलकं झालं की बोर्ड लहान घ्यायचा असतो, हे बोर्डाच्या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. मी किनाऱ्यावर येऊन टॉवेल घेतला आणि पहिल्यांदा तो छातीवरून दोनदा गुंडाळला गेला. किंवा आधीही गेला असेल, मी बघितलं नसेल.

मी वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. दुकानांतले तराजू, पेट्रोल पंपावरची मापं, ट्रक तोलायचे मोठे काटे. खरे असतील त्यांना शिक्का, खोटे असतील ते जप्त. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा हा धंदा आहे असं बायको म्हणते, आणि तीस वर्षं म्हणते आहे. त्या दिवशी मी कचेरीत पाऊण तास आधी पोचलो. तपासणीच्या खोलीत जमिनीलगतचा एक काटा आहे. आधी शून्य पाहिलं. मग वीस किलोची प्रमाण वजनं एकेक करून चारही कोपऱ्यांवर आणि मग मधोमध ठेवून पाहिली, कारण काटा मध्ये खरं बोलतो आणि कोपऱ्यात खोटं, असं पुष्कळदा असतं. दुसरंच वजन उचलताना धाप लागली. ते मी मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण बाजूला ठेवलं. मग बूट काढले, खिसे रिकामे केले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि काट्यावर उभा राहिलो. सदुसष्ट किलो दोनशे ग्रॅम. उतरलो, परत शून्य पाहिलं, परत चढलो. सदुसष्ट दोनशे. गेली पंधरा वर्षं माझं वजन अठ्ठ्याहत्तर आहे, उन्हाळ्यात सत्त्याहत्तर. काट्याला नावं ठेवायला काही जागाच नव्हती. शिशाच्या सीलवर माझाच शिक्का होता. दुकानदाराचा काटा खोटा निघाला की तो आधी काट्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग रस्त्याकडे बघायला लागतो, हे मी हजारदा पाहिलंय आणि घरी येऊन त्याच्या नकलाही केल्यात. त्या सकाळी मी मोज्यांवर उभा राहून खिडकीतून रस्त्याकडे बघत होतो. एक बाई कुत्र्याला ओढत होती आणि कुत्रं खांबाशी अडून बसलं होतं.

लोक कौतुक करायला लागले होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "काय हो, गुपित काय? पोट कुठे ठेवून आलात?" मी म्हटलं, संध्याकाळचं जेवण सोडलं. तोंडातून निघून गेलं. साहेबांनीही सोडलं, आणि आता ते दुपारी चारपासून सगळ्यांवर खेकसत असतात, त्याचं पाप माझ्या माथी. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबवून म्हणाल्या, "दहा वर्षांनी लहान दिसता." मी मान झुकवून धन्यवाद म्हटलं. आजार झालेल्या माणसाला लोक निदान बरं वाटतंय का असं विचारतात. मला टाळ्या मिळत होत्या. मी जेवत होतो. मी दोन वेळा नीट, नेहमीसारखा, वर आणखी थोडं, असं जेवत होतो, आणि अन्न कुठे जात होतं ते त्या अन्नालाच ठाऊक. बायको एकदा म्हणाली, "बरा दिसतोस. लग्नातल्या फोटोत आहेस तसा." म्हणाली तेव्हा ती कुणाचा तरी कोट उसवत होती आणि तिने वर पाहिलं नाही. ती कपडे दुरुस्त करून देते. घराखालीच तिचं छोटं दुकान आहे, माप बसवणं, अस्तर बदलणं, चेन लावणं. म्हणून मी माझ्या पँटी तिच्याकडे दिल्या नाहीत. खिळा तापवून पट्ट्याला स्वतःच भोकं पाडली, एक, मग दुसरं, मग तिसरं, आणि शर्ट बाहेर सोडायला लागलो. विचारलं तेव्हा सांगितलं, आता हीच फॅशन आहे. सत्तावन्नाव्या वर्षी मी फॅशनबद्दल बोललो आणि तिने मान डोलावली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मला भीती वाटत होती. एवढं सरळ आहे ते, उगाच त्याला वळणं कशाला द्या. दादाचं असंच झालं होतं. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, त्यानेच मला पाण्यात नेलं. माझ्या पोटाखाली हात धरून, वेड्या, समोर बघ, खाली बघशील तर खाली जाशील, असं ओरडणारा दादा. सहा वर्षांपूर्वी तो बारीक व्हायला लागला आणि खूश झाला. आम्हीही खूश झालो. त्याच्या पँटी माझ्या बायकोनेच आत घेतल्या, तीनदा. पहिल्यांदा ती म्हणाली, "भावोजी, आता तरुण पोरींनी मागे लागायला नको," आणि दादाने टाचण्या लावलेल्या पँटीतच एक गिरकी घेऊन दाखवली, मग टोचलं म्हणून ओरडला. तिसऱ्या खेपेला ती माप घेता घेता थांबली. टाचणी तोंडात तशीच धरून स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, "दादांना डॉक्टरकडे ने. आज ने." मी नेलं. पुढचं सगळं एकोणीस आठवड्यांत संपलं. त्या खोलीतल्या पडद्याचा रंग मला आठवतो, फिकट हिरवा, आणि एक कडी निसटलेली असल्यामुळे तो एका टोकाला लोंबायचा. दादा त्या टोकाकडे बघत पडलेला असायचा. शेवटी शेवटी मी त्याला एकट्याने उचलून कुशीवर वळवत असे, आणि ज्या माणसाने मला पाण्यावर उचलून धरलं होतं त्याला उचलताना आपल्याला काहीच कष्ट पडत नाहीत याचीच लाज वाटायची. वहिनी मला म्हणाली होती, मी त्याला रोज सांगत होते रे, छान दिसतोस म्हणून. रोज. तेच वाक्य ती अजून म्हणते, कुठल्याही विषयावरून सुरुवात झाली तरी. मला आता कळत होतं की डॉक्टरकडे गेलं पाहिजे. कळत होतं म्हणूनच जाववत नव्हतं. दवाखान्याच्या दारावरून मी रोज दोनदा जायचो, जाताना एकदा, येताना एकदा, आणि दर वेळी काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोला ताकास तूर लागू द्यायची नाही एवढंच मला सुचत होतं. तिने पुन्हा टाचणी तोंडात धरून स्वयंपाकघरात येऊ नये, एवढंच. पण आकडा आत गप्प बसत नव्हता. जेवताना, दात घासताना, एखाद्याच्या तराजूवर वाकून बघताना, सदुसष्ट दोनशे, सदुसष्ट दोनशे, असं चालायचं. कुणाला तरी तो सांगून टाकावा असं वाटायला लागलं. म्हणून मी मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री म्हणजे आमच्याकडचा बोर्ड बनवणारा. आधी दारं-खिडक्या करायचा म्हणून मिस्त्री. त्यालाही आता चाळीस वर्षं झाली. फोमचा ठोकळा घ्यायचा, तासायचा, घासायचा, वर कापड आणि राळ चढवायची. त्याच्या खोलीत पाऊल टाकलं की पांढरी भुकटी पायाखाली चुरचुरते, आणि त्याच्या चष्म्यावर ती इतकी बसलेली असते की तो कसा बघतो याचं सगळ्यांना कोडं आहे. बघत नाहीच तो फारसा. तो विचारतो. वय किती, आठवड्यातून किती वेळा उतरतोस, कुठल्या लाटेवर, आणि वजन. आणि वजन सगळे खोटं सांगतात. बायका सांगतातच, पण पुरुष जास्त. मी सत्तावीस वर्षांपूर्वी पहिला बोर्ड करून घेतला तेव्हा बहात्तर सांगितलं होतं आणि तेव्हा ते खरं होतं. पुढे ते राहिलं नाही, पण आकडा मी तोच ठेवला, दुसऱ्या बोर्डाला बहात्तर, तिसऱ्याला बहात्तर. एकदा त्याची वही उघडी होती म्हणून बघितलं तर माझ्या बहात्तरवर काट मारून त्याने शेजारी अठ्ठ्याहत्तर लिहिलं होतं. प्रत्येकाचं त्याचं एक ठरलेलं होतं. बँकवाल्याला दहा वाढवायचे, मास्तरला चार, डॉक्टरणीला सात, मला सहा. मी काही बोललो नाही, त्यानेही कधी दाखवलं नाही, आणि बोर्ड मात्र असे बसायचे की विचारू नका. दोघांच्या दोन लबाड्या मिळून एक खरं माप व्हायचं. असला काटा कुणा दुकानात सापडला असता तर मी तो उचलून आणला असता.

वाटेत मी वाक्य घोळवत होतो. मिस्त्री, या वेळी खरं सांगतो. नको, फार मोठं होतं. मिस्त्री, वजन जरा उतरलंय. जरा? मिस्त्री डॉक्टरकडे जा म्हणणार नाही, त्याला डोंबलाचं काय पडलंय, त्याला बोर्ड करायचाय. त्याच्यासाठी सदुसष्ट हा नुसता जाडी-रुंदीचा प्रश्न आहे. तो आकडा लिहील, आणि एकदा दुसऱ्याच्या अक्षरात तो दिसला की घरी सांगणं सोपं जाईल, असं मी स्वतःला समजावलं. बाहेर चांगलं ऊन होतं. आत गेलो तेव्हा मिस्त्री एका बोर्डाची कड हाताने चाचपत होता. "आलास का शेवटी?" तो म्हणाला. "सगळे आले, म्हटलं हा काटेवाला कुठे राहिला. बस. त्या डब्यावर नको, ओला आहे." मी बसलो. त्याने वही काढली, कानावरची पेन्सिल घेतली. वय सांगितलं. आठवड्यातून दोनदा सांगितलं. लाटेबद्दल त्याने विचारलंच नाही, नुसता हात झटकला. "वजन?"

"सदुसष्ट," मी म्हणालो.

पेन्सिल थांबली. "किती?"

"सदुसष्ट किलो."

मिस्त्री माझ्या दिशेने बघायला लागला आणि मग हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला आला, आणि मग तो चष्म्याखाली बोटं घालून डोळे पुसत बसला. "अरे, थापेलासुद्धा काही रीत असते! माणूस वयाबरोबर एखाददुसरा किलो चोरतो, कुणी नाही म्हणत नाही. तू अख्खं पोतंच पळवलंस! सदुसष्ट! माझी बायको लग्नात सदुसष्ट होती!"

"खरंच सांगतोय, मिस्त्री."

"सगळे खरंच सांगतात. या डब्यावर बसून आजवर कुणी खोटं बोललेलं नाही."

"काट्यावर बघितलंय. कचेरीतल्या."

"तुझ्याच ना? तुला बघितल्यावर तो घाबरून वीस किलो कमीच दाखवणार." तो पुन्हा हसला, आणि काय सांगू, मीही हसलो. पोट धरून हसलो. कित्येक आठवड्यांत तसा हसलो नव्हतो. सगळं बोलून झालं होतं आणि काहीच झालं नव्हतं; मिस्त्री सांगत होता की मी थापाड्या आहे, आणि आयुष्यात इतकी गोड शिवी मला कुणी दिली नव्हती. त्या क्षणी मी त्याच्यावर विश्वास ठेवला. माझा काटा खोटा, बेंबी खोटी, दादा वेगळा, मी वेगळा. त्याने वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "ब्याऐंशी. बहात्तर तुझे पिढीजात, सहा नेहमीचे, चार वयाचे."

"नाकापेक्षा मोती जड होईल हो."

"होऊ दे. लाटांत दम नाही, तुझ्यात दम नाही, मग कुणात तरी दम नको का? बोर्डात घालू. तीन आठवड्यांनी ये." दारात पोचलो तेव्हा तो मागून म्हणाला, "आणि एवढ्या उन्हात जाकीट घालून काय हिंडतोस? सर्दी झालीय का?" मी हो म्हटलं. रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की जाकिटाच्या आत मी स्वेटरही घातला होता. सकाळी कपाटापुढे उभं राहून मी तो निवडून काढला होता, आणि घालताना मला कसलीच शंका आली नव्हती.

त्या तीन आठवड्यांत मी वजन केलं नाही. काटा तपासणीच्या खोलीत होता आणि खोलीत दिवसातून दहादा जावं लागायचं. मी त्याला वळसा घालून जायचो, कुणी झोपलेला माणूस असावा तसा. मोठ्या बोर्डाचीच स्वप्नं बघायचो, जागेपणी. त्यावर मी लठ्ठ असायचो. मास्तरशेजारी बसून पेन्शनबद्दल बोलायचो, पोट मांड्यांवर टेकवून, आणि पाणी पार छातीपर्यंत आलेलं असायचं. बायकोला सांगितलं की बोर्ड बदलतोय, मोठा घेतोय, वय झालं. ती म्हणाली, "किती मोठा?" मी हात पसरून दाखवला. तिने माझ्या हातांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मग सुईत दोरा ओवायला लागली. तो जात नव्हता. तिने टोक तोंडात ओलं केलं, परत घातला, परत चुकला, आणि मग दिव्याखाली जाऊन बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनेही विचारलं असतं.

मिस्त्रीचा एक रिवाज आहे. नवा बोर्ड पहिल्यांदा पाण्यात जातो तेव्हा तो स्वतः येतो, आपलं स्टूल घेऊन, आणि वाळूत बसून बघतो. बोर्ड कसा तरंगतो, पुढचं टोक बुडतं का, मागचं ओढतं का. नाही पटलं तर तो परत घेऊन जातो आणि पुन्हा तासतो, तुम्ही कितीही नाही म्हणा. तर त्या रविवारी तो आला. आणि बायको आली, कारण बोर्ड माझ्या काखेत मावेना. मी गल्लीत दोनदा प्रयत्न केला, दोनदा तो घसरला, आणि ती पायऱ्यांवरून म्हणाली, "थांब, मागचं टोक मी धरते." किती वर्षांनी ती माझ्याबरोबर किनाऱ्यावर येत होती. आम्ही पुढे-मागे चालत गेलो, मधे तो पिवळा लांबलचक बोर्ड, आणि फिरायला आलेले लोक बाजूला होत होते. रस्त्यात मी तीनदा थांबलो. तिन्ही वेळा तीही थांबली.

पाण्यात शिरलो तेव्हा बरं वाटलं. बोर्ड सुंदर होता, खोटं कशाला बोलू. मिस्त्रीचा हात अजून गेलेला नाही. वर झोपून हात मारायला सुरुवात केली तर तो माझ्या खाली इतका वर तरंगत होता की हात पाण्यापर्यंत नीट पोचेनात. तळहातच तेवढे ओले होत होते. पहिली लाट काठाशी आदळली. जुना बोर्ड असता तर पुढचं टोक दाबून मी तिच्या खालून गेलो असतो. याचं टोक दाबलं तर ते दबेचना, मीच वर उचलला गेलो, आणि पांढऱ्या पाण्याने आम्हा दोघांना उचलून परत काठाशी आणून ठेवलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी उलटा झालो, बोर्डाखाली लोंबून त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, अशा बोर्डांवर तसंच करायचं असतं. लाट वरून गेली आणि बोर्ड हातांतून सुटला. हिसकावला नाही, सुटला. हातांनी प्रयत्नच केला नाही, ते नुसते उघडले. मग घोट्याला बांधलेल्या दोरीने त्याने मला फरफटत आणलं, नाकातोंडात वाळू, आणि गुडघाभर पाण्यात सोडून दिलं. गुडघाभर. लहान पोरं उभी असतात तिथे. मी हात टेकवले. उठायला गेलो आणि उठता येईना. पुन्हा गेलो. पाय माझेच होते, मला दिसत होते, पाण्याखाली पांढरे, आणि मी त्यांना उठा म्हणत होतो. खांदा नव्हता दुखत. काहीच दुखत नव्हतं. नुसतं तिथे जे असायला पाहिजे ते नव्हतं.

बायको कपड्यांसकट पाण्यात आली. मागून माझ्या काखांत हात घातले, पाय रोवले आणि जोर लावला, मी अठ्ठ्याहत्तर किलोचा आहे असा जोर. भरलेली म्हणून बादली उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसा तिचा तोल मागे गेला. आम्ही दोघंही पडता पडता वाचलो. मी उभा होतो. तिचे हात माझ्या बरगड्यांवर होते आणि ते हलत नव्हते. हे हात माप घेणारे आहेत, त्यांना फीत लागत नाही. मी मागे वळलो नाही. समोर वाळूत मिस्त्री स्टुलावरून उठून उभा राहिला होता, चष्मा हातात, भुकटीशिवायचे त्याचे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होतो. लहान होते आणि लाल. तो बूट न काढताच पाण्यात आला.

"ताई," तो म्हणाला, माझ्याशी नाही, तिच्याशी. "यानं सांगितलं होतं मला. सदुसष्ट म्हणाला होता, दोनदा म्हणाला. आणि मी हसलो हो. मी हसलो." मग तो बोर्डाकडे गेला, तो काठाशी एकटाच हेलकावे खात होता, आणि त्याची दोरी माझ्या घोट्याला होती हे विसरून त्याला ओढायला लागला. "हा नेतो मी. हा चुकलाय. मी दुसरा करतो, लहान करतो, आठवड्यात करतो," असं तो बोलत राहिला, आणि त्याच्या दर ओढीला माझा पाय जागचा हलत होता. बायकोने वाकून दोरी सोडली. परत उभी राहिली तेव्हा ती माझ्यासमोर होती. केस चिकटलेले, चेहरा ओला, कशाने ओला ते कळायला मार्ग नव्हता.

"यांना सांगितलंस," ती म्हणाली. "मला नाही सांगितलंस."

मला वाटलं काहीतरी थाप सुचेल. आजवर सुचत आली होती.

"मिस्त्रींचा विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "तुझा बसला असता."

तिने माझा दंड धरला. तिची बोटं त्याच्याभोवती पुरी फिरली आणि एकमेकांना लागली, आणि आम्ही दोघांनीही ते पाहिलं.